आज्याचं सागवानी घर पाडू की सावरू? (धडगाव तालुका)

सातपुड्याची_लेक:
नमस्कार. आमच्या पाड्यावर माझ्या आज्याने बांधलेलं घर आहे. सागाचे बारा खांब, वर सागाच्याच तुळया, बांबूच्या कुडाच्या भिंतींवर शेणमाती आणि वर नळीची कौलं. आई तिथे एकटीच असते. मी शहाद्याला शिक्षिका होते, आता बदली धडगावला झाली. त्यामुळे मी, नवरा आणि दोन्ही मुली कायमचं घरी राहायला जातोय.

आईचे गुडघे गेलेत. पावसाळ्यात रात्री उतारावरून खाली जाणं तिला जमत नाही, म्हणून संडास-बाथरूम घराला लागून हवंच. धुराविना स्वयंपाक करता यावा आणि मुलींना अभ्यासाला उजेडाची एक खोली असावी, एवढंच मागणं आहे. भाऊबंद म्हणतात, पाडा, स्लॅब टाका, साग विकून निम्मा खर्च निघेल. माझं मन घेत नाही. तुळयांवर आज्याच्या कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात, लहानपणी झोप येईपर्यंत मी तेच मोजायची.

पण चार खांबांच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर सहज आत जातो. मागच्या कुडाला उधई (वाळवी) लागली आहे. एक मिस्त्री म्हणाला, कुड काढून खांबांच्या मध्ये विटा भरू आणि आतून-बाहेरून सिमेंट मारू. हे बरोबर आहे का?

रोझव्याचा_सुतार:
ताई, पाडू नका. आमचं गाव नर्मदाकाठी होतं, सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. वडिलांनी घर उकललं, साग ट्रकमधून तळोद्याकडे आणला आणि त्याच लाकडाचं घर पुनर्वसन वसाहतीत पुन्हा उभं केलं. मी आज त्याच घरात बसून लिहितोय.

साग कुजतो तो जमिनीलगतच्या वीतभर भागात, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. वरचं लाकूड बहुतेक ठणठणीत असतं. तिथेही स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. एका वेळी एकच खांब घ्या. दोन्ही बाजूंनी टेकू द्या, जॅकने तुळईचा भार जेमतेम सुटेल इतकंच उचला, जास्त उचललं तर कौलं सरकतात. कुजलेला बुंधा चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि खाली घडीव दगडाचा तळखडा बसवा. खांबाची तुटलेली उंची दगड भरून काढतो, नवा साग घ्यावाच लागत नाही. घेतलाच तर पावती आणि वन विभागाचा वाहतूक परवाना जवळ असू द्या.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. इतकी वर्षं तुमच्या छपराचा बांबू चुलीच्या धुराने टिकला. गॅस आला की धूर थांबतो आणि दोन-तीन वर्षांत बांबूतून पिठासारखा भुसा गळायला लागतो. कौलं उतरवाल तेव्हाच १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून बांबूला दोन-तीन हात मारा. हातमोजे घाला. पावसात भिजणाऱ्या बांबूला याचा उपयोग नाही, तिथलं औषध धुऊन जातं.

धुळ्याची_इंजिनिअर:
सुतारभाऊंशी सहमत. मिस्त्रीचं मात्र ऐकू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्या जागी विटा भरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि खांब आतून कुजतो, बाहेरून कळतही नाही. कुडाचा उधई लागलेला भाग बदला, पुन्हा शेणमातीनेच लिंपा. उजेडासाठी कुडात खिडकी काढणं विटांच्या भिंतीपेक्षा सोपं आहे.

पाणी लागतं ते सगळं लाकडापासून वेगळं ठेवा. संडास, बाथरूम आणि भांडी घासायची मोरी मागच्या बाजूला विटांच्या वेगळ्या खोलीत, स्वतःच्या पायावर बांधा. मध्ये अंतर सोडून वर पत्रा टाका, म्हणजे आईंना पावसात भिजावं लागणार नाही. त्या वाटेला पायरी न ठेवता हलका उतार द्या आणि भिंतीला कठडा लावा. संडासाला दोन शोषखड्डे करा, आलटून पालटून वापरायचे. झरा किंवा विहीर असेल तर तिच्या खालच्या अंगाला आणि निदान १० मीटर लांब. वायरिंग पाइपमधूनच करा. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) यांवर पैसे वाचवू नका, जुना साग एकदा पेटला की विझवायला पाड्यावर बंब पोहोचत नाही.

सातपुड्याची_लेक:
तुम्हा दोघांचं बोलणं आईला फोनवर वाचून दाखवलं. धुराचं ऐकून ती लगेच म्हणाली, “मी तर केव्हाची सांगतेय, चूल काढू नका.” म्हणून असं ठरवलंय: रोजचा स्वयंपाक गॅसवर, आणि तिची चूल पडवीत राहील, भाकरी ती तिथेच करेल. औषध तरीही मारणार.

बाकीचे आठ खांब काल नवऱ्याने टोचून पाहिले. सात घट्ट आहेत, एकाचं बूड मऊ लागलं. म्हणजे तळखडे पाच. दगड घडवणारा शेजारच्या पाड्यावरच आहे. होळीनंतर कौलं उतरवायची आणि मे संपायच्या आत परत चढवायची. सुतारभाऊ, पहिला खांब उचलाल तेव्हा तुम्ही स्वतः याल का? येण्याजाण्याचा खर्च आणि मजुरी देऊ, मुक्काम आमच्याकडेच.

रोझव्याचा_सुतार:
येतो ताई. जॅक माझे दोन आहेत, ते आणतो. तोवर प्रत्येक तुळई आणि खांबावर खडूने नंबर टाका आणि त्याच नंबरांचं चित्र वहीत काढून ठेवा. मुलींना सांगा, त्या करतील.