मदत हवी आहे: अंदमानच्या जॉली बॉय बेटावर होडीतून उतरणं आईला जमेल का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही अंदमानला निघालोय. मी, नवरा, सात वर्षांचा लेक आणि माझी आई. सेल्युलर जेल, हॅवलॉक ठरलंय. गाडी अडलीये ती वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानापाशी.

आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीला छान चालते, पण पायरी उंच असली की हात धरावा लागतो. मागे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडी आणि धक्का यांत जेमतेम हातभर अंतर होतं, तरी होडी हलतेय म्हणून तिचा पाय उचलेना. मागे रांग खोळंबली. शेवटी खलाशाने दंड धरून तिला अलगद पलीकडे ठेवलं. किल्ला कसला बघतेय, शिवराजेश्वराच्या देवळात बसून परतीच्या होडीची धास्ती!

आणि वंडूरच्या उद्यानातल्या जॉली बॉय बेटाला म्हणे धक्काच नाही. मोठी बोट अलीकडे थांबते, तिथून काचेच्या तळाच्या छोट्या होडीत उतरायचं. म्हणजे भर पाण्यात एका हलत्या वस्तूतून दुसऱ्या हलत्या वस्तूत. कोणी वयस्कर माणसांना नेलंय का? रेड स्किन बेट सोपं पडेल का? की आईला सरळ रॉस बेटावर न्यावं?

आणखी एक. बेटावर प्लास्टिक चालत नाही, ते योग्यच आहे. पण आईच्या पिशवीत कॅरीबॅगेत कॅरीबॅग, तिच्यात आवळासुपारी आणि गोळ्यांची पाकिटं असतात. काय करायचं?

प्रतिसाद

ताई, सासूबाईंना (७१) घेऊन गेलो होतो, म्हणून लिहितो.

डिसेंबरात रेड स्किनचा विचार सोडा, ते पावसाळ्याच्या महिन्यांत उघडं असतं. प्रवाळाला उसंत मिळावी म्हणून दोन्ही बेटं आळीपाळीने उघडतात. १९८३ साली झालेल्या या उद्यानात बेटं पंधरा, पण पर्यटकांसाठी हीच दोन.

वंडूरहून बोट निघते तेव्हा दोन्हीकडे खारफुटी आणि पाणी तळ्यासारखं. मोकळ्यावर आल्यावर हलते. खरी कसरत मोठ्या बोटीतून छोट्या होडीत जाताना. सासूबाई आधी खाली बसल्या, पाय पलीकडे सोडले, मग सरकल्या. उभ्याने पाय टाकायचा हट्ट नको. घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ द्या, तुम्ही शेवटी उतरा. पुढे किनाऱ्याला पाय घोट्याच्या वर भिजतात, साडी नको. स्नॉर्कलिंग नाही केलं तरी काचेतून प्रवाळ दिसतं. सासूबाईंना एक निळा मासा दिसला, तो अजून घरी पुरतोय.

गोळ्या नि सुपारी स्टीलच्या डबीत, पाणी स्टीलच्या बाटलीत. धक्क्यावर पिशव्या उघडून बघतात. वनखात्याचा परवाना आधीच काढा, सोमवारी बंद असतं. स्वच्छतागृहाचं काम वंडूरलाच उरकून घ्या. आणि मुलाला शंख उचलू देऊ नका. तिथून काहीही आणायला बंदी आहे.

धागाकर्ती

खूप आभार! "बसून सरकायचं" हे आईला वाचून दाखवलं. सध्या दिवाणावरून पाटावर सराव चाललाय. लेक पाट हलवतोय.