लायसन सस्पेंड, पॉलिसी संपलेली, गाडी बिल्डिंगखाली उभी. आधी काय करू?

रिकामी_पार्किंग, कांदिवली, २९ मे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. फेब्रुवारीत ऑफिसवरून येताना सिग्नल तोडला, वर फोन कानाला, दोन्ही एकाच वेळी, आणि समोरच ट्रॅफिकवाला उभा. चूक माझीच, त्यावर वाद घालायचाच नाहीये. लायसन तिथेच जमा झालं, पावती मिळाली, मग आरटीओची नोटीस आणि शेवटी ऑर्डर, ६ मार्च ते ५ जून लायसन निलंबित. तेव्हापासून गाडी खाली स्टिल्टमध्ये धूळ खात पडलीये.

आता याच भानगडीत गाडीचा इन्शुरन्स १४ मार्चला संपला आणि मी तो रिन्यूच केला नाही. म्हटलं चालवायचीच नाहीये तर पैसे कशाला भरा, लायसन हातात आलं की दोन्ही एकदम उरकू. पण परवा ऑफिसमधला एक जण म्हणाला तुझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी प्रीमियममधली सूट, गेला आता. माझा ५० टक्के आहे हो, इतक्या वर्षांत एकही क्लेम नाही. गाडी २०१६ ची आहे, ११९७ सीसी, पेट्रोल.

तर विचारायचं असं की ५ जूनला लायसन आपोआप सुरू होतं की परत जाऊन काही करावं लागतं? लायसन सस्पेंड असताना कंपनी पॉलिसी देते का आणि देताना प्रीमियम वाढवते का? नेटवर शोधलं तर सगळीकडे एसआर-२२ नावाचा फॉर्म भरा असं येतंय, तो कुठे मिळतो? आणि आरटीओच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात एक माणूस भेटला, म्हणाला पाच हजार द्या, पाच तारखेच्या आधीच लायसन घरी येईल. हे खरं असतं का?

टोचन_व्हॅन

भाऊ आधी बोटं मोजा. १४ मार्चपासून ९० दिवस म्हणजे १२ जून. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत रिन्यू केली तर एनसीबी, म्हणजे तुमचा नो क्लेम बोनस, राहतो, पुढे गेला की सरळ शून्य, मग पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात, २०, २५, ३५, ४५ आणि मग ५०, म्हणजे आज जिथे आहात तिथे परत यायला पाच वर्षं. आज २९ मे, हातात चौदा दिवस. ऑफिसवाल्या मित्राला सांगा अजून गेलेला नाही.

लायसनची वाट बघत बसू नका. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पॉलिसी गाडीची आणि मालकाची असते, रिन्यू करताना लायसन दाखवावं लागत नाही. आणि थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याला झालेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर तर सरकारच ठरवतं, तुमच्या इंजिनाला जून २०२२ ला ठरलेला दर ३४१६ रुपये वर जीएसटी, मग तुम्ही सिग्नल तोडा नाहीतर रोज सिग्नलवर इंजिन बंद करून उभे राहा. एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावर मिळतो, पूर्ण बिलावर नाही, हे बघून घ्या नाहीतर कोटेशन आल्यावर वाटेल फसवलं.

एसआर-२२ अमेरिकेतली भानगड आहे. तिकडे लायसन गेलेल्या माणसाचा किमान विमा चालू आहे हे विमा कंपनी राज्याला लिहून कळवते, तो कागद. आपल्याकडे असलं काही नाही. यूट्यूब बंद करा.

वडाळ्याचा_म्हातारा

तीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या धंद्यात काढली, ड्रायव्हर लोकांची लायसनं सोडवून सोडवून चपला झिजल्या म्हणून चार शब्द. लायसन आपोआप सुरू होतं या भरवशावर राहू नका. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला तेव्हापासून कलम १९ मध्ये असं आलंय की निलंबनाची मुदत संपली तरी रिफ्रेशर ट्रेनिंग कोर्स पूर्ण केल्याशिवाय लायसन परत द्यायचं नाही. हा कोर्स परवाना असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमधून करायचा असतो. म्हणून सहा तारखेला सकाळी आरटीओत जाऊन उभं राहण्यापेक्षा आत्ता, मुदत चालू आहे तोवरच तो कोर्स उरकून घ्या आणि सर्टिफिकेट फायलीत लावा. ऑर्डरचा कागद नीट वाचा, खाली बारीक अक्षरात काय जमा करायचं ते लिहिलेलं असतं, लोक वरची तारीख वाचतात आणि घडी घालून खिशात टाकतात. ऑर्डरवर अपील करायला तीस दिवस असतात, ते तुमचे कधीच संपले.

आता तो पाच हजारवाला. माझ्या एका पोराला असाच एक जण भेटला होता, कुठल्या आरटीओबाहेर ते सांगत नाही. माणूस मोठा हुशार, हातात स्टेपलर, कानावर पेन, चार लोकांचे कागद एकाच वेळी टाचतोय आणि तोंडाने तुमच्याशी बोलतोय. पैसे घेतले आणि आठ दिवसांनी पोराला काय दिलं तर मोबाईलमधल्या लायसनचा रंगीत प्रिंट, लॅमिनेट करून. पोरगा खूश. पुढे नाकाबंदीला हवालदाराने नंबर टाकला तर मशीनमध्ये निलंबित. आता सगळं सरकारच्या सारथी पोर्टलवर असतं, कार्ड कितीही चकाचक असू दे. आणि अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२, दहा हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि सिग्नल किंवा फोनसाठी दुसऱ्यांदा पकडलं तर लायसन रद्दच, तेव्हा जपून.

रिकामी_पार्किंग

काका, टोचन भाऊ, मनापासून आभार. कोर्सचं मला कोणी बोललंच नव्हतं, ऑर्डर काढून बघितली तर खरंच खाली लिहिलंय. आजच चौकशी करतो.

एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. गाडी अगदीच उभी नाहीये. मिसेसकडे लायसन आहे, ती शनिवारी मार्केटला घेऊन जाते, कधी मुलीला क्लासला सोडते. जवळच्या जवळ. तिचं लायसन व्यवस्थित चालू आहे त्यामुळे त्यात काही प्रॉब्लेम नसावा ना?

बंपर_टू_बंपर

अरे देवा. 😐

क्लेमवाली_ताई, ठाणे

दादा ही बारीकशी गोष्ट नाहीये, सगळ्यात मोठी तीच आहे आणि तुम्ही शेवटी सांगताय. मी मोटर क्लेममध्ये काम करते म्हणून जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका.

वहिनींचं लायसन चालू आहे पण गाडीला विमा नाही. १४ मार्चनंतर ती गाडी गेटच्या बाहेर रस्त्यावर आली की प्रत्येक वेळी विमा सक्तीचं कलम १४६ मोडलं. पकडलं तर पहिल्यांदा दोन हजार, परत पकडलं तर चार हजार, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद दोन्हीकडे आहे. पण दंडाचं सोडा हो. क्लासच्या बाहेर एखादी आजी गाडीसमोर आली आणि पडली तर? पॉलिसी असती तर माणसाला इजा किंवा मृत्यू झाला त्याची भरपाई कंपनी देते, त्याला वरची मर्यादा नाही, लिमिट आहे ते समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाख. पॉलिसीच नसेल तर अपघात भरपाईचं ट्रिब्युनल जो आकडा सांगेल तो मालकाने भरायचा, आणि आरसी बुकवर मालक तुम्ही आहात. तो आकडा कमावत्या माणसाच्या बाबतीत कुठे जातो ते मी रोज बघते, फ्लॅट विकायची पाळी येते.

आता उलट बाजू पण ऐका. समजा तुम्ही आज पॉलिसी घेतली आणि उद्या, म्हणजे ५ जूनच्या आधी, स्वतःच गाडी काढली. पॉलिसीच्या सर्टिफिकेटवर ड्रायव्हर म्हणून एक परिच्छेद असतो, कोणी वाचत नाही, त्यात लिहिलेलं असतं की चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी चालू लायसन हवं आणि तो लायसन बाळगायला अपात्र ठरवलेला नसावा. तुमचं सस्पेन्शन म्हणजे नेमकं तेच. तुमच्या गाडीचं नुकसान मिळणार नाही. समोरच्याचं काय, तर अशा केसेसमध्ये कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते, सुप्रीम कोर्टाचा २००४ चा स्वर्ण सिंग निकाल आमच्या ऑफिसात पाठ असतो सगळ्यांना. त्यामुळे पॉलिसी आज घ्या, चालवू दे वहिनींना.

अजून एक, ओनर ड्रायव्हरचं पंधरा लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर मालकाकडे चालू लायसन असेल तरच लागू होतं. फॉर्म भरताना लायसन आहे का विचारलं तर खरं तेच सांगा. खोटं टिक मारून घेतलेलं कव्हर क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

टोचन_व्हॅन

ताईंना +१. आणि हो, पॉलिसीमध्ये गॅप पडलाय म्हणजे गाडीची तपासणी होणार. हल्ली माणूस येतोच असं नाही, मोबाईलवर लिंक पाठवतात, चारी बाजू, काच, ओडोमीटर, चेसिस नंबर असा व्हिडिओ काढायचा. आधीचं जे काय ठोकलेलं खरचटलेलं असेल ते नोंदवून घेतात, त्याचा क्लेम नंतर मिळत नाही. आत्ता ठोकलेलं पुढच्या महिन्यात दाखवू असं डोक्यात असेल तर काढून टाका, फोटो असतात त्यांच्याकडे.

बारीकसारीक ओरखड्याला नंतरसुद्धा क्लेम करू नका. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम आठ हजार आहे, ५० टक्क्यांनी चार वाचतात. बंपर रंगवायला तीन हजार लागले आणि क्लेम टाकला तर त्यातले पहिले हजार तुमचेच, कंपल्सरी डिडक्टिबल, प्लास्टिकवर निम्मा घसारा कापतात तो वेगळा, आणि पुढच्या वर्षी बोनस शून्य. हे गणित गॅरेजवाला कधीच सांगणार नाही, त्याला काय, तो म्हणणार क्लेम में डाल दो साब.

बंपर_टू_बंपर

विषय निघालाच आहे तर पावसाचं पण बघून घ्या. निव्वळ थर्ड पार्टी घेतली आणि स्टिल्टमध्ये पाणी शिरलं तर एक रुपया नाही. आमची गाडी २६ जुलै २००५ ला कलिन्याला बुडली होती, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता त्या दिवशी, बाबांनी दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर सगळ्यात आधी काय केलं तर चावी फिरवली. इंजिन खलास. पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, टो करून न्यायची, स्वतः स्टार्ट करून इंजिन गेलं तर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (थर्ड पार्टी अधिक ओन डॅमेज) कंपनी हात वर करते, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं आणि इतक्या जुन्या गाडीला ते मिळणं कठीण. तरी कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्या, झाड पडलं, चोरी झाली, आग लागली, सगळं त्यातच येतं.

विरार_फास्ट

मध्येच घुसतोय, सॉरी. वडिलांचं लायसन (वय ६३) गेल्या जुलैमध्ये संपलंय आणि आम्हाला आत्ता कळलं. ते म्हणतात महिनाभर चालतं. आता परत लर्निंगपासून काढायचं का?

वडाळ्याचा_म्हातारा

पूर्वी तीस दिवसांची सवलत होती, २०१९ च्या बदलात ती गेली. संपलं त्या दिवसापासून लायसन नाही असंच समजायचं, आज रात्री चावी काढून घ्या त्यांच्याकडून. पण लर्निंगपर्यंत जायची गरज नाही, संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर टेस्टशिवाय रिन्यू होतं. वर्ष उलटलं की टेस्ट द्यायची. जुलैत संपलंय म्हणजे महिना ते दोन महिने आहेत तुमच्याकडे, तारीख बघा आणि लगेच सारथीवर अर्ज टाका. चाळिशीच्या पुढे डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १ए. पंचावन्नच्या पुढे पाच पाच वर्षांचंच मिळतं, म्हणून पुढची तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा. त्यांच्या मोबाईलमध्ये नको, तुमच्या.

विरार_फास्ट

😂 नोटेड काका. चावी काढून घेतली, घरात वातावरण गरम आहे.

रिकामी_पार्किंग, ९ जून

अपडेट देतो. त्याच रात्री लिंक आली, वॉचमनने टॉर्च धरला आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून चेसिस नंबर शोधतोय, पंधरा मिनिटं, तीन वेळा व्हिडिओ रिजेक्ट झाला, एकदा नंबर अस्पष्ट, एकदा उजेड कमी, एकदा माझा अंगठा. चौथ्यांदा पास. डावीकडून फिरवताना मागच्या दारावर हातभर लांब ओरखडा दिसला, खांबाच्या पिवळ्या रंगासकट. मला माहीतच नव्हता. व्हिडिओत माझा आवाज आहे, हे कधी झालं म्हणून. तो ओरखडा रीतसर नोंदला गेला, ५० टक्के एनसीबी शाबूत, कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतली, पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर घेतलं नाही कारण खरं तेच लिहिलं. ते लायसन आल्यावर वेगळं घेणार आहे. पॉलिसी हातात येईपर्यंत चावी कपाटात ठेवली होती, मिसेस तेवढे दिवस रिक्षाने.

कोर्स करून सर्टिफिकेट आरटीओत जमा केलं, पोर्टलवर अजून निलंबितच दिसतंय, काउंटरवर सांगितलं दोन तीन दिवसांत अपडेट होईल. तोवर लोकल झिंदाबाद. ओरखड्याबद्दल घरी विचारलं तर उत्तर आलं, खांब पुढे आला होता.