वजन आटोक्यात, धोका २ टक्के. तरी भीती जात नाही

कृष्णाकाठ (न्यू जर्सी):
नमस्कार. माझे वय ४४ असून माझ्या वडिलांना साताऱ्यात ५१व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. गेल्या महिन्यात वार्षिक तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी संगणकात आकडे भरले, पुढील १० वर्षांत हृदयविकाराचा धोका २ टक्के निघाला आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४ असल्याने काळजीचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले. वडिलांविषयी त्यांनी विचारले नाही आणि मीही बोललो नाही. आपल्याकडच्या लोकांसाठी हा आकडा कितपत खरा मानावा?

पारिजात:
तो आकडा जर धोका मोजण्याच्या २०१३च्या अमेरिकी सूत्रावरून काढला असेल, तर ते सूत्र गोऱ्या आणि आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या माहितीवर बेतलेले आहे. आपण त्यात कुठेच नव्हतो. म्हणूनच २०१८च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून वेगळा नोंदवला आहे आणि वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत हृदयविकार झालेला असणे हाही तसाच घटक आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी लागू होतात. आपल्या लोकांत २३च्या पुढचा बीएमआयसुद्धा जास्तच धरतात, कारण चरबी हातापायांपेक्षा पोटात साठते. आज घरी शिवणकामाची टेप घेऊन, पोट आत न ओढता, घेर मोजा. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. डॉक्टरांना वडिलांचे वय आवर्जून सांगा आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची व लायपोप्रोटीन-एची (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) तपासणी मागा. यातली दुसरी गोष्ट बहुतांशी आनुवंशिक असल्यामुळे साधारणपणे आयुष्यात एकदा मोजली तरी पुरते.

ओवी (लेस्टर):
ब्रिटनमध्ये हा धोका काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्यूरिस्क या गणनेत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वेगवेगळे वंश निवडता येतात आणि पोस्टकोडवरून वस्तीतील गरिबीही हिशेबात धरली जाते. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ या वयोगटाला, आधीपासून हृदयविकार किंवा तसा आजार नसल्यास, दर पाच वर्षांनी मोफत तपासणीही मिळते. तरीही भाषेची अडचण उरतेच. माझ्या सासूबाई “चालताना छातीत भरून येतं” असे म्हणाल्या आणि सोबत गेलेल्या नातवाने डॉक्टरांना एवढेच सांगितले की, आजी दमते. त्या एका शब्दामुळे पुढची तपासणी लांबली, याचे मला आजही वाईट वाटते. कृपया दुभाषी मागा. तो मोफत मिळतो.

वाटसरू:
विमा नसलेल्या, पेट्रोलपंपावर किंवा मोटेलात बारा-बारा तास उभे राहणाऱ्या आपल्या माणसांपर्यंत हे कसे पोहोचणार? लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांत औषधतज्ज्ञ बसवून, तिथेच रक्तदाब मोजून औषधे सुरू केली, तेव्हा सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना केवळ सल्ला मिळाला त्यांचा ९ अंकांनी. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेशेजारी रक्तदाबाचे यंत्र आणि टेप ठेवावी, असे मला मनापासून वाटते; मात्र पुढे औषध कोण देणार, हे आधी ठरवायला हवे.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. घेर ९७ भरला. डॉक्टरांना वडिलांविषयी आजच लिहून कळवले असून दोन्ही तपासण्यांची विनंती केली आहे. धाकटा भाऊ पुण्यात आहे, त्यालाही आता फोन करतो.