शब्दचर्चा: भंगार, मोड की जोडीव? (गोव्यातल्या चौघांची चर्चा; नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत)

पणजी: पुढच्या महिन्यात इथल्या एका शिल्पकाराचं प्रदर्शन आहे. सगळं काम जुन्या सामानातलं: रांपणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्यांच्या फळ्या, खनिज वाहणाऱ्या बार्जचे पत्रे, पाडलेल्या घरांची कौलं, शिंपल्यांची तावदानं. प्रदर्शनाची मराठी माहितीपत्रिका मला लिहायची आहे. 'टाकाऊ वस्तूंपासून शिल्पे' असं लिहिलं, ते त्यांना मुळीच रुचलं नाही. 'मी टाकलेलं उचलत नाही, सोडवून आणतो,' म्हणाले. मग कुठला शब्द घ्यावा?

डिचोली: भंगार. सरळ, सगळ्यांना कळणारा. 'टाकाऊतून टिकाऊ' तर नकोच, ते शाळेच्या हस्तकलेच्या तासाला ठीक.

फोंडा: 'टाकाऊ' नको हे पटलं, पण भंगारही जरा जपून. कोकणीत भांगर म्हणजे सोनं. जुन्या मराठीतही भांगार सोनंच, ज्ञानेश्वरीत त्याच अर्थाने येतो. घरात कोकणी आणि वाचायला मराठी असलेल्या गोंयकाराच्या कानाला हे दोन शब्द लगेच भिडतात. पत्रिकेत कोटी म्हणून ते कोणालाही सुचेल, म्हणूनच टाळावं.

माझी खरी अडचण वेगळी आहे. भंगार वजनावर जातं. मोडही तशीच: तांब्याचा हंडा मोडीत काढला की तो हंडा राहत नाही, किलोचा भाव होतो. हे शिल्पकार नेमकं उलट करतात. त्यांच्या एका कामातली होडीची फळी मी जवळून पाहिली आहे. कडेने ओळीने भोकं, त्यांतल्या दोन-तीन भोकांत काथ्या अजून तसाच. ह्या होड्या काथ्याने शिवत, खिळे मारत नसत. काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा थरही त्यांनी खरवडलेला नाही. फळी शिल्पात आली तरी होडीचीच राहिली. तिला भंगार कसं म्हणायचं? सामानाला एकच नाव देण्याचा हट्ट सोडा आणि वस्तूचं नाव लिहा.

म्हापसा: फोंडेकरांशी सहमत, पण शीर्षकाला काहीतरी हवंच ना! सामानाला नाव देण्यापेक्षा कृतीला द्या. दगड कोरीव, धातू ओतीव, तसं हे जोडीव. पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, ते जोडीव. पुढे त्याचं ब्राँझ केलं, ते ओतीव. एका शब्दाने दोन्हींतला फरक कळतो. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंदांनी फुटक्या बांगड्या आणि कपबश्या सिमेंटात बसवल्या, त्याला मात्र मी 'जोडीव' म्हणणार नाही. ते जडावकाम.

डिचोली: 'जोडीव' आवडला. कोशात असो-नसो, ऐकताक्षणी कळतो.

पणजी: सर्वांचे मनापासून आभार. शीर्षक 'जोडीव शिल्पे' ठेवते. प्रत्येक कामाखाली वस्तू आणि ती कुठून आली ते लिहीन, उदाहरणार्थ 'रांपणीच्या होडीची फळी, काथ्या, बार्जचा पत्रा'. आणि 'सोडवून आणतो' हे त्यांचं वाक्य मुखपृष्ठावर घ्यायचं ठरलं आहे.

फोंडा: उत्तम. फक्त फळीपुढे अंदाजाने 'सागवानी' लिहू नका. आंबा, फणसही वापरत. सुताराला दाखवून मगच छापा.