‘समुद्रदेवी’ म्हणावं का?

सांजवेळ: सिंगापूरच्या तेलोक आयर रस्त्यावरचं थिअन हॉक केंग देऊळ पाहून आले. चीनमधल्या फुजियान प्रांतातून आलेल्या होक्कियन लोकांनी ते १८३९ ते १८४२ मध्ये बांधलं. तेव्हा ते अगदी किनाऱ्यावर होतं, बोटीतून उतरलेला माणूस आधी इथे हात जोडायचा. आता पुढे भराव घालून इमारती उभ्या आहेत. घरच्यांसाठी टिपण लिहिताना त्या देवळातल्या माझू देवीला ‘समुद्रदेवी’ म्हटलं, तर आत्याने अडवलं. तिच्या मते त्याचा अर्थ समुद्र हीच देवी असा होतो. माझू तर मेइझोऊ बेटावरची लिन मोनिआंग नावाची मुलगी, मरणानंतर खलाशांना तारणारी देवी झालेली. मग शब्द कोणता?

खाडीकाठ: ग्रामदेवता म्हणजे गाव नव्हे, गाव राखणारी. त्याच चालीवर समुद्रदेवी बरोबर आहे. मी मात्र ‘दर्यादेवी’ लिहीन. नारळी पुनवेला आम्ही नारळ दर्याला देतो.

जुनीवही: दर्या फारसी. आपले शब्द असताना उसनवारी कशाला? ‘तारिणी’ घ्या. तारणे आणि तारू एकाच धातूतून आलेत, देवी आणि जहाज दोन्ही त्यात येतात.

खाडीकाठ: शिवरायांच्या आरमारात ‘दर्यासारंग’ हे पद होतं, तेही उसनं म्हणून टाकायचं? माझे आजोबा जन्मभर होडीवर होते. ‘सागर’ त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. ज्यांचं पोट त्या पाण्यावर चालतं, त्यांचा शब्द मराठीच.

माजघर: तिच्या नावातच पाहा ना. ‘मा’ म्हणजे आई, होक्कियन बोलीत आजीसुद्धा. आपण तुळजाभवानीला आई म्हणतो, तसं ‘खलाशांची आई’ लिहा.

सांजवेळ: हे मनाला भिडलं. तिथे एक म्हातारी उंच उंबरठा ओलांडून आली, तीन अगरबत्त्या कपाळाशी धरून कितीतरी वेळ पुटपुटत राहिली. आईशीच बोलत असावी.

जुनीवही: अगरबत्ती हिंदी. मराठीत उदबत्ती.

माजघर: ऊद अरबीतला आणि अगर संस्कृत अगरूवरून, मग शुद्ध कोणती? दोन्ही नावं मुळात एकाच सुगंधी लाकडाची.

जुनीवही: व्युत्पत्ती कुठलीही असो, घरात काय बोलतात ते महत्त्वाचं.

खाडीकाठ: अहो, दर्याबद्दल मी हेच म्हणत होतो!

माजघर: आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातलं की निखाऱ्यावर ऊद टाकून धुरी देत. त्या ऊदाचे पिवळट खडे असायचे, तो तर डिंक. मग उदबत्तीतला ऊद लाकडाचा की डिंकाचा?

जुनीवही: डिंकाचा तो लोबान.

माजघर: आमच्या वाण्याकडे लोबान वेगळ्या बरणीत असे आणि ऊद वेगळ्या. दोन्ही मी स्वतः आणलेत.

सांजवेळ: आत्या म्हणते, तिच्या माहेरीही दोन बरण्या होत्या. टिपणात माझूपुढची जागा अजून कोरीच ठेवली आहे.