जीव घाबरला की "जरा झाडांत जाऊन या": उपाय की पळवाट?

रानवाट (धागाकर्ता)

"मला हे जमणार नाही", "परवा मी असं का बोललो" ही चक्की ज्यांच्या डोक्यात दिवसभर फिरते, त्यांना पहिला उपाय म्हणून हिरव्या, मोकळ्या जागेत जायला सांगावं असं माझं मत आहे. गोळ्या किंवा समुपदेशन चालू असेल तर ते चालूच ठेवायचं.

पण "जरा फिरून या" हा सल्ला फार ढिला आहे. त्याला प्रमाण हवं. २०१९ च्या एका अभ्यासात ३६ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा निसर्गात वेळ घालवायला सांगितलं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं संप्रेरक) मोजलं. सर्वांत वेगाने घट वीस ते तीस मिनिटांच्या बैठकीत दिसली. त्यापुढे फायदा वाढतो, पण संथपणे. त्या वेळात फोन, वाचन, गप्पा आणि दमवणारा व्यायाम बंद होता. लोक नेमकी ही अट गाळतात आणि मग म्हणतात, "काही फरक पडला नाही बुवा."

करायचं असं. जागा चालत दहा मिनिटांच्या आतली, नाहीतर तिसऱ्या दिवशी सुटते. फोनवर पंचवीस मिनिटांचा गजर लावून तो पिशवीच्या तळाशी. पहिली पाच-सात मिनिटं डोकं उलट जास्तच बडबडतं, कारण त्याला गुंतवायला काही उरलेलं नसतं. बरेच जण तिथेच उठतात. उठू नका. संथ चाला, नजर आधी लांब टाका, मग एकाच फांदीवर किंवा पाण्याच्या एकाच कडेवर आणा. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. विचार आला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, नजर परत फांदीवर.

तर्ककर्कश

पद्धत नेटकी लिहिलीत, पण पाया भुसभुशीत आहे. त्या ३६ जणांसोबत झाडांविना नुसतं शांत बसलेल्यांचा गट नव्हता. मग गुण झाडांचा की पंचवीस मिनिटं फोन बंद असण्याचा? "आठवड्याला निसर्गात १२० मिनिटं" हा दुसरा लाडका आकडा इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीतला, तोही २०१९ चाच. ती एका वेळची पाहणी होती. ज्यांना बरं वाटतं तेच जास्त बाहेर पडत असतील, हा अर्थही तितकाच बसतो. शिवाय औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते, खोटं झाड कुठून आणणार?

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. अवघड फोन करायचाय, भीती चढली, माणूस उठून बागेत गेला, भीती उतरली. मेंदू यातून काय शिकला? "पळालो म्हणून वाचलो." पुढच्या वेळी तोच फोन आणखी जड होतो. चिंता पोसली जाते ती याच मार्गाने. आणि "मला जमत नाही" हे वाक्य खोटं पडायला पुरावा लागतो, तो काम करूनच मिळतो. वडाचं झाड तुमच्याकडून काहीच मागत नाही, म्हणून तिथे बरं वाटतं. म्हणूनच तिथे आत्मविश्वास येत नाही.

पारंबी

@तर्ककर्कश, सगळेच अभ्यास तुलनेविना नाहीत. २०१५ मध्ये ३८ जणांपैकी काहींना झाडं-गवताच्या भागात आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने प्रत्येकी ९० मिनिटं चालवलं. विचारांचं रवंथ पहिल्या गटात कमी झालं, आणि त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही. रस्त्यावरच्या गटात हे दिसलं नाही. चालणं दोन्हीकडे होतं, म्हणजे श्रेय नुसत्या पायांना देता येत नाही. मात्र ही सगळी निरोगी माणसं होती, हे @रानवाट यांनीही लक्षात ठेवावं.

पळवाटेचा मुद्दा मला पटतो. त्यावर सोपी तोड आहे: घड्याळ बघून जा, भीती बघून नको. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच. त्या दिवशी भीती दहापैकी दोन असो की नऊ, जायचं. भीतीनुसार गेलात तर झाड सुटकेचं दार होतं. वेळेनुसार गेलात तर भीती आणि झाड यांची गाठच बसत नाही. टाळलेल्या कामाचा एक तुकडा (फोन लावणं, ईमेलच्या पहिल्या तीन ओळी) साडेपाचच्या आधी उरकायचा. पूर्ण काम नव्हे, तुकडा.

खवचट_काकडी

डास चावल्यावर कॉर्टिसॉल किती चढतं, यावर अभ्यास झालाय का?

चेष्टा सोडा. सरसकट "जंगलात जा" सांगणारे काही गोष्टी विसरतात. दाट झाडीत पुढचं दिसत नाही. आधीच सावध असलेल्या माणसाचे, आणि एकट्या बाईचे तर नक्कीच, कान तिथे आणखी टवकारतात. लांबवर दिसेल आणि पाठीला आधार असेल अशी जागा निवडा. पॅनिकचे झटके येणाऱ्याला सुरुवातीला चढण नको. छाती धडधडली की त्याला हार्ट अटॅक वाटतो, वाट सपाट ठेवा. (पुढे मुद्दाम चढण घ्यायची असते, धडधड निरुपद्रवी आहे हे अंगाला कळावं म्हणून, पण ते जाणकाराच्या सल्ल्याने.) लोकांच्या नजरेची भीती असणाऱ्याने पहाटेची रिकामी बाग कायमची धरून ठेवू नये, तीही पळवाटच. आणि सर्वांत वाईट खोड: दर दोन मिनिटांनी "आता शांत वाटतंय का?" तपासणं. ही तपासणी हीच चिंता.

रानवाट

पळवाटेचं मान्य. पण @तर्ककर्कश, ज्याची भीती नवावर आहे त्याला "पुरावा गोळा कर" म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक देणं. लक्ष देण्याची ताकद थकते आणि झाडा-पाण्याकडे अलगद बघताना ती भरून येते, ही कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याची मांडणी १९८९ पासून चर्चेत आहे. २००८ च्या प्रयोगात झाडांत चालून आलेल्यांना ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने जास्त चांगले सांगता आले, अगदी थंडीत, चालण्याची मजा न वाटताही.

तर्ककर्कश

आकडे उलटे सांगणं आणि साहेबांना "मला मुदत वाढवून हवी" सांगणं, यांत फरक आहे हो. थकलेलं लक्ष ताजं झालं, शंका तिथेच.

मी झाडांच्या विरोधात नाही, मोजमापाशिवाय झाडांच्या विरोधात आहे. एक वही करा, चार रकाने: काम, आधीचा अंदाज ("तो चिडेल"), प्रत्यक्षात काय झालं, भीती ० ते १०. अंदाज काम करण्याआधीच लिहायचा. नंतर लिहिला तर मन सोयीने बदलतं. दोन आठवड्यांनी पाहा. भीतीचे आकडे उतरले पण "काम" रकाना रिकामा, म्हणजे झाड कुबडी झालंय. तिसऱ्या आठवड्यात एक फेरी मुद्दाम चुकवा आणि काम तरीही करा. "फेरी झाली नाही म्हणून जमलं नाही" असं निघालं, तर उत्तर मिळालंच.

पारंबी

वहीला +१. भर एवढीच: बहुतेक दिवस काळजी, आणि असं सहा महिने, किंवा दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही, अशा वेळी फेऱ्या मोजत बसू नका, डॉक्टर गाठा. जीव द्यावासा वाटत असेल तर आजच. जीएडी-७ ही चिंता किती आहे ते मोजणारी सात प्रश्नांची चाचणी ० ते २१ गुण देते. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञांशी बोलावं. त्या गुणांवरून स्वतःच निदान करू नये.

तर्ककर्कश

@रानवाट, मूळ लेखातले "पहिला उपाय" हे दोन शब्द काढा, मीही +१ देतो.

रानवाट

शब्द राहतील. "साडेपाचच्या आधी कामाचा एक तुकडा" हे मात्र वर जोडतो.

खवचट_काकडी

आणि डासांचं?