सेलेनियम अँटिऑक्सिडंट ना, मग पेशी मरतायत का?

पेशीवाली_पुणे
एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, ए५४९ म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर सोडियम सेलेनाइट टाकतेय. १०० नॅनोमोलरच्या आसपास डीसीएफचं (पेशीतले ऑक्सिडंट वाढले की चमकणारा डाय) रीडिंग कंट्रोलपेक्षा थोडं खाली येतं, पण ५-१० मायक्रोमोलरला गेलं की एकदम वर, आणि दुसऱ्या दिवशी पेशी गोल होऊन मीडियावर (पेशी वाढवायच्या द्रवावर) तरंगतायत. एनएसी (एन-ॲसिटिलसिस्टीईन, हे अँटिऑक्सिडंट) टाकून वाचवायला गेले तर अजूनच जास्त मेल्या!! एकच पदार्थ दोन उलटी कामं कशी करतो, कुणी नीट सांगेल का?

रेडॉक्सराव
सेलेनियम स्वतः अँटिऑक्सिडंट नाहीच मुळी. कमी डोसला पेशी त्याचं सेलेनोसिस्टीईन (सेलेनियमवालं अमिनो आम्ल) करते आणि ते ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज अशा एन्झाइममध्ये बसवते, माणसात अशा प्रथिनांची २५ जनुकं आहेत. पेरॉक्साइड मोडतात ती ही एन्झाइम्स, म्हणून तुझं रीडिंग खाली. ती गरज भागली की उरलेलं सेलेनाइट ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, खात सुटतं, त्यातून हायड्रोजन सेलेनाइड होतं, ते ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतं, सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं घातक रूप) तयार, आणि हे चक्र परत परत फिरतं, त्यामुळे ग्लुटाथायोन संपत जातं आणि मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात.
आता एनएसीचं. ए५४९ मध्ये कीप१ (एनआरएफ२ला दाबून ठेवणारं प्रथिन) म्युटेटेड आहे, म्हणून एनआरएफ२ (पेशीची संरक्षक जनुकं चालू करणारं प्रथिन) कायम चालू आणि एक्ससीटी ट्रान्सपोर्टर (पेशीच्या पडद्यातला वाहक) भरपूर. तो सिस्टीन आत ओढतो, पेशी त्यातलं काही सिस्टीईन करून बाहेर सोडते, हे बाहेरचं थायॉल (गंधकाचा –SH गट असलेलं संयुग) सेलेनाइटला रिड्यूस करतं आणि रिड्यूस झालेलं सेलेनियम पेशी पटापट आत घेते. एनएसी पण थायॉलच, म्हणजे तू सेलेनाइटला आत जायचा रस्ताच करून दिलास. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की ज्या तयारीवर ही पेशी केमोला दाद देत नाही तीच इथे तिच्या अंगाशी येते.

लॅबमधली_ताई
वरचं पटलंच, पण सर विचारतील पुरावा काय. सल्फासॅलाझिनने एक्ससीटी बंद कर आणि पेशी वाचतात का बघ. एनएसी आधी देऊन, धुऊन, मग सेलेनाइट टाक, एकत्र नको. एकट्या डीसीएफवर विसंबू नकोस गं, तो डाय कशानेही चमकतो, सुपरऑक्साइडसाठी वेगळा डाय घे. मीडियात पायरुवेट आहे का तेही बघ, ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं. आणि व्हिटॅमिन सी चुकूनही त्याच वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) नको, सेलेनाइटचं लाल सेलेनियम होऊन खाली बसतं. सेलेनोमिथिओनिनचा (सेलेनियमचा दुसरा प्रकार) एक सेट लाव, ते मिथिओनिनच्या जागी प्रथिनात जाऊन बसतं, त्याच डोसला बहुतेक काहीच दिसणार नाही.

नाशिककर७
मी सायन्सवाला नाही. काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, व्हॉट्सॲपवर सेलेनियम कॅन्सर मारतं म्हणून आलंय आणि घरात २०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या येऊन पडल्यात. द्यायच्या का?

रेडॉक्सराव
@नाशिककर७ दादा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नका देऊ, प्लीज. प्लेटमधले ५-१० मायक्रोमोलर सेलेनाइट गोळी खाऊन गाठीपर्यंत पोचत नाही, आणि गोळीत बऱ्याचदा सेलेनाइट नसून सेलेनोमिथिओनिन असतं. अमेरिकेत सिलेक्ट नावाची ट्रायल झाली, ३५ हजारांवर पुरुष, रोज हेच २०० मायक्रोग्रॅम, प्रोस्टेट कॅन्सर टळतो का बघायला. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि ज्यांच्या अंगात सेलेनियम आधीच जास्त होतं त्यांच्यात आक्रमक प्रकारचा कॅन्सर वाढलेला दिसला, हे २०१४ मध्ये छापून आलं. दिवसाची गरज ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, ती बहुतेकदा जेवणातून भागते. आपल्याकडे २०२५ च्या सुरुवातीला शेगावकडच्या गावांत लोकांचे केस पुंजक्यांनी गळले, तेव्हाही संशय गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमवर गेला होता. गोळ्यांची बाटली घेऊनच जा ऑन्कोलॉजिस्टकडे, त्यांना लेबल वाचू दे.

पेशीवाली_पुणे
ताई, सल्फासॅलाझिन शेजारच्या लॅबमध्ये आहे, सोमवारी मागते. पायरुवेट आहे आमच्या मीडियात, बदलते.